खिडकी नसलेला कॅमेरा

भीमराव बैसाणे मला आवडत नव्हते. आजही आवडत नाहीत. अशा लिखाणात तिसऱ्या पानापर्यंत माणूस आतून प्रेमळ निघतो, वाचणाऱ्याचे डोळे भरून येतात आणि लिहिणाराही त्यात धुऊन निघतो. इथे तसं होणार नाही. बैसाणे बाहेरून जसे होते तसेच आतूनही होते: खडूस, टोचून बोलणारे, कुणाचाही मान न ठेवणारे. पण ते कसे होते आणि मी त्यांच्याशी काय केलं, या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. बारा वर्षं मी तो संबंध लावत आलो. ‘माणूसच तसा होता’ असं म्हटलं की मला बरं वाटायचं.

आणखी एक गोष्ट. नोकरीत मी त्यांना पाठीमागे ‘तो बैसाणे’ म्हणायचो. ते माझ्याहून दोन वर्षांनी मोठे होते. इथे ‘ते’ लिहितो आहे. सवय नाही, त्यामुळे हात अडखळतो.

मी नदीच्या पाण्याचा हिशोब ठेवणाऱ्या एका सरकारी कार्यालयात शाखा अभियंता होतो. घर जळगावात, नोकरी चाळीसगावच्या बाजूला. बैसाणे आमच्याकडे गिरणेची पातळी वाचायचे. काठावर उतरत्या क्रमाने लोखंडी खांब रोवलेले, खांबांवर पांढऱ्या पट्ट्या, पट्ट्यांवर मीटर-सेंटिमीटरच्या काळ्या खुणा. पाणी कुठल्या खुणेला टेकलं ते बघायचं, वहीत लिहायचं, सही करायची. एरवी दिवसातून तीनदा, पुरात तासातासाला. पूर मोठा असला की काठावरचे खांब बुडतात. मग समोर पात्रात जुन्या पुलाचा एक दगडी खांब उभा आहे, त्याच्यावर रंगवलेली पट्टी काठावरून वाचायची. मधे दीडशे-दोनशे पावलांचं पाणी. इतक्या लांबून आकडा वाचायचा तर दुर्बीण लागते.

त्यांच्याकडे दुर्बीण होती. तिच्या एका नळीत बुरशी चढली होती, म्हणून ते दुसऱ्याच नळीतून बघायचे. त्यामुळे त्यांचा उजवा डोळा कायम बारीक झालेला असे, आणि ते कुणाशीही बोलायला लागले की समोरच्याला वाटे, हे आपल्याला दुरून वाचताहेत.

अंदाज या शब्दाचा त्यांना राग होता. चहाच्या टपरीवाल्याने ‘पाच मिनिटांत देतो नाना’ म्हटलं की ते घड्याळ बघत बसायचे आणि कप हातात आल्यावर म्हणायचे, “आठ झाले.” पुन्हा कपाला तोंड लावण्याआधी, “वर वीस सेकंद.” गावातला एखादा सांगे की यंदा पाणी गेल्या वर्षाइतकंच आलं, तर ते तिथल्या तिथे वही उघडून त्याला खोटं पाडत. शिपाई, ड्रायव्हर, साहेब, कुणी सुटलं नाही. रागावले की ते अहिराणीत येत, आणि ते नेहमीच रागावलेले असत.

माझ्या मुलीच्या लग्नात ते आले होते. कार्यालयातल्या सगळ्यांना पत्रिका दिली होती, त्यात त्यांनाही गेली. असोद्याचं आमचं गणगोत, जळगावातला मोठा हॉल, वरण-बट्टीचं जेवण. माझे व्याही चार माणसांत कौतुकाने म्हणाले, “चौधरी साहेबांनी हजार पान उठवलं.” शेजारी बैसाणे हात पुसत उभे होते. ते म्हणाले, “सातशे बारा. मी पंगती मोजल्या.” व्याही हसले. मी हसलो नाही. त्या दिवसापासून मी त्यांच्यावर डूख धरला होता. हे मी आज पहिल्यांदा कबूल करतो आहे.

कार्यालयात त्यांचा चहाचा कप खिडकीत वेगळा असायचा. ‘त्यांनीच वेगळा ठेवलाय, स्वभाव’ असं आम्ही सगळे म्हणायचो. मी तिथे नऊ वर्षं होतो. कप वेगळा कुणी ठेवला हे मी एकदाही विचारलं नाही.

बैसाण्यांच्या वहीत कोरे रकाने असायचे. हीच त्यांची सगळ्यात त्रासदायक खोड. हिवाळ्यात कधी सकाळी दाट धुकं असलं, पट्टी दिसली नाही, की ते त्या वेळेपुढचा रकाना मोकळा सोडत, कडेला लिहीत ‘दिसलं नाही’ आणि खाली सही ठोकत. वरचे लोक चिडत. एकदा आमचे उपअभियंता तपासणीला आले. वही चाळून म्हणाले, “बैसाणे, आदल्या संध्याकाळचा आकडा आहे, त्या दुपारचा आहे. मधला काय असणार ते शेंबडं पोरही सांगेल. रकाना कोरा बरा दिसत नाही.”

“मग त्या शेंबड्या पोराला ठेवा साहेब कामावर,” बैसाणे म्हणाले.

“भरा म्हणतो ना मी.”

“तुम्ही भरा. सही बी तुमनी करा.” मग वही पुढे सरकवून, अगदी शांतपणे, “जे दिखस ते मी लिखस. दिखत नही ते लिखत नही.”

साहेबांनी भरलं नाही. जाताना मला मात्र म्हणाले, “चौधरी, या माणसाला जरा आवरा.” त्यांना आवरायचं काम तेव्हापासून माझ्याकडे आलं, आणि मला ते जमत नाही हे सगळ्यांना दिसायचं.

मग वरून एक फर्मान निघालं. पुराच्या काळात प्रत्येक आकड्यासोबत पट्टीचा फोटो पाहिजे. तेव्हाच्या मोबाइलमध्ये दूरचं काही टिपलं तर भाजीवर तेल पसरल्यासारखं दिसे. म्हणून प्रत्येक केंद्राला एक लहान डिजिटल कॅमेरा घ्यायचं ठरलं, खिशात मावणारा पण लांबचं जवळ ओढणारा. निवड माझ्याकडे होती. वापरणाऱ्याचं मत घ्यावं, असं त्या कागदात एक वाक्य होतं. ते नसतं तर मी बैसाण्यांना जळगावला बोलावलंच नसतं.

मे महिना होता. भर दुपारी आम्ही दुकानात गेलो. दुकानदार चुणचुणीत होता. त्याने काउंटरवर दोन डबे मांडले. एक कॅमेरा थोडा जाडसर, वस्तू तीसपट जवळ आणणारा; त्याच्या मागे वरच्या कोपऱ्यात डोळा लावायला एक चिमुकली खिडकी. दुसरा सडपातळ, काळा, चकचकीत. त्याला खिडकी नव्हती, मागे नुसता मोठा पडदा. पण डब्यावर सोनेरी अक्षरांत चाळीसचा आकडा होता. किमतीत म्हणावा असा फरक नव्हता.

“साहेब, हा घ्या,” दुकानदार दुसरा पुढे करत म्हणाला. “चाळीसपट. लोक हाच नेतात.”

मी पडद्यावर पाहिलं. समोरच्या कपाटातलं सगळ्यात वरचं लेबल अक्षर न् अक्षर दिसत होतं. मला तो आवडला. खरं सांगायचं तर तो बुशशर्टच्या खिशात सहज बसतो हे मला जास्त आवडलं. पावसाळा संपला की कॅमेरा कार्यालयातच पडून राहणार होता, आणि दिवाळीत आम्ही सहलीला जाणार होतो.

बैसाण्यांनी दोन्ही कॅमेरे उचलले आणि दुकानाच्या पायऱ्या उतरून सरळ रस्त्यावर गेले. दुकानदार घाबरून त्यांच्यामागे धावला. मी सावलीत पायरीवर थांबलो. चौकाच्या पलीकडे, बऱ्याच लांब, एका शिकवणीवर्गाचा फलक होता आणि त्याच्या तळाशी फोन नंबर. बैसाण्यांनी जाड कॅमेऱ्याची खिडकी डोळ्याला लावली, कपाळ त्याला टेकवलं, दोन्ही कोपरं बरगड्यांना दाबून धरली आणि तो नंबर मोठ्याने वाचायला लागले. एकेक आकडा, पूर्ण दहा. रसवंतीवरची माणसं बघायला लागली. एक जण ओरडला, “नाना, लावा फोन! ॲडमिशन घ्या!” बैसाण्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मग त्यांनी सडपातळ कॅमेरा धरला. खिडकी नाही, त्यामुळे हात पुढे करून धरावा लागला. डोळे बारीक केले. कॅमेरा वर केला, खाली केला, स्वतः गरकन फिरले. मग परत आले आणि तो काउंटरवर ठेवला. आपटला नाही, पण आपटल्यासारखा ठेवला.

“येमा मन्हं थोबाड दिखस,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“उन्हात पडदा काळा पडतो साहेब. आरशासारखा. मागचं ऊन आणि माझं तोंड दिसतं, आकडा दिसत नाही. आणि हात लांब धरला की चाळीसपट हलतो तो. खिडकी असली तर डोकं टेकतं, दोन कोपरं टेकतात. हलायला जागाच राहत नाही.”

दुकानदार म्हणाला, “काका, पडद्याचा उजेड वाढवता येतो. सेटिंग असतं.”

“सूर्याइतका वाढतो का?”

मी म्हणालो, “बैसाणे, पुरात आभाळ भरलेलं असतं. ऊन कुठलं आलंय तेव्हा?”

तेव्हा दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. एक माझ्या ओळखीचं होतं. बैसाणे त्यांच्यासमोर म्हणाले, “चौधरी साहेब, तुम्ही नदी टेबलावरून बघता. पूर दुपारी बी येस. वरतं पाऊस पडस, आठे ऊन ऱ्हास.” आणि दुकानदाराकडे वळून, “हाऊ चाळीसपट आंधळा शे. ठेव परत.”

ते गिऱ्हाईक हसलं.

ते जे म्हणाले ते बरोबर आहे हे मला तिथेच कळलं होतं. मी इंजिनीअर होतो, मूर्ख नव्हतो. वरच्या खोऱ्यात पाऊस आणि खाली ऊन, हे मी कितीदा तरी पाहिलेलं. पण तो हसणारा माणूस पुढे चार ठिकाणी सांगणार होता की चौधरीला त्याच्याच हाताखालच्या माणसाने गप्प केलं. मी चाळीसपट घेतला. कागदावर कारण लिहिलं: अधिक क्षमता, हाताळायला सोपा. वापरणाऱ्याचं मत या ओळीपुढे लिहिलं: अनुकूल.

कॅमेरा त्यांच्या ताब्यात देताना साठ्याच्या वहीत त्यांची सही घेतली. त्यांनी सही केली आणि खाली लिहिलं, ‘मिळाला. उन्हात दिसत नाही.’ नवी वस्तू दिली की जुनी जमा करायची, असा नियम होता. मी दुर्बीण जमा करून घेतली. नियमाकडे काणाडोळा करता आला असता, इतर केंद्रांवर मी केलाही होता. बैसाण्यांनी ती पिशवीतून काढली, काच धोतराच्या टोकाने पुसली आणि माझ्या टेबलावर ठेवली. “एक नळी चांगली होती,” एवढंच म्हणाले.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये वर तीन दिवस धो धो पडला. चौथ्या दिवशी आमच्याकडे सकाळपर्यंत भुरभुर होती. काठावरचे खांब पहाटेच बुडाले होते, बैसाणे पुलाच्या खांबावरची पट्टी वाचत होते. दुपारी एकपर्यंतचे आकडे फोटोसकट बिनचूक आले. एकचा आकडा पाच मीटर अडतीस. साडेसहा मीटरला इशाऱ्याची खूण होती. पाणी तिथे पोचलं की मी फोन करायचा आणि नदीकाठच्या वस्त्या हलवायच्या, अशी रीत.

दीडच्या सुमारास आभाळ फाटलं आणि कडक ऊन पडलं. ओल्या पात्रावर, समोरून, थेट डोळ्यांत.

दोन वाजता त्यांचा फोन आला. “साहेब, दिखत नही.”

“काय दिसत नाही?”

“तुमना कॅमेरा. सगळं पांढरं पाणी न् काळा पडदा. पानी चढी ऱ्हायनं, पण कितलं ते दिखत नही. दुर्बीण धाडा, नहीतं माणूस धाडा.”

माझ्यासमोर तक्ता होता. पुढच्या दहा मिनिटांत तो वर जायचा होता. मी म्हणालो, “अंदाज सांगा.”

“अंदाज तुम्ही सांगा. तुमले पगार बी जास्त शे.”

मी फोन ठेवला. तीनला आला तेव्हा उचलला नाही. चारला शिपायाला सांगायला लावलं की साहेब दुसऱ्या फोनवर आहेत. आणि तीनही वेळा तक्त्यात मी आकडे भरले. दोनला साडेपाच मीटर, तीनला पाच पासष्ट, चारला पाच ऐंशी. एकच्या आकड्यापासून हळूहळू चढत जाणारी सरळ रेघ. दिसायला सुरेख. पाच वाजता ढग आले, बैसाण्यांना पट्टी दिसली, त्यांनी पाच एक्क्याण्णव कळवलं. माझ्या रेघेवर अगदी बरोबर बसलं. मी शिपायाला चहा सांगितला.

नदी सरळ रेघेत वागली नव्हती. ती मधल्या वेळात इशाऱ्याच्या वर गेली आणि खाली आली. दुसऱ्या दिवशी ओसरल्यावर बैसाणे पुलाच्या खांबापर्यंत होडीने गेले आणि पुराने खांबावर सोडलेली कचऱ्याची रेघ मोजून आले: सहा सत्याऐंशी. पलीकडच्या काठावर दोन किलोमीटर खाली एक वस्ती होती. तिला कुणी कळवलं नव्हतं. लोक दुपारच्या उन्हात निवांत होते, ऊन पडलं म्हणजे संकट टळलं असं धरून. माणूस गेलं नाही, हे आम्ही कार्यालयात सगळ्यांना मोठ्याने सांगायचो. काय गेलं ते बैसाण्यांनी वस्तीत जाऊन मोजलं: सात घरांतलं सामान, एक कांद्याची चाळ, अकरा शेळ्या, दोन गायी आणि एक दावणीला बांधलेलं वासरू.

मी ते तीन रकाने कोरे पाठवले असते तर वरून लगेच फोन आला असता. काय झालं तिथे? आकडा का नाही? माणूस पाठवा. पट्टी दिसत नसताना माणसाला जेवढं खरं सांगता येतं तेवढं त्या कोऱ्या रकान्याने सांगितलं असतं. बैसाणे इतकी वर्षं तेच सांगत होते. आम्हाला तो माणसाचा हट्ट वाटला.

चौकशी लागली. चौकशी अधिकारी येण्याच्या आदल्या दिवशी मी केंद्रावरची वही ‘तपासणीसाठी’ मागवून घेतली. बैसाण्यांनी दोन, तीन, चारपुढे रकाने मोकळे सोडले होते, कडेला ‘दिसलं नाही’ लिहिलं होतं आणि सही केली होती. मी ते दोन शब्द तीनदा खरडून काढले आणि रकान्यांत माझे आकडे लिहिले. त्यांच्यासारख्या अक्षरात. त्याच शाईत. भर दिवसा, माझ्या टेबलावर, पंख्याखाली. हे मी नीट लिहितो आहे, कारण यातलं काही पुसट राहायला नको.

चौकशीत बैसाणे म्हणाले, “हे आकडे माझे नाहीत.”

अधिकाऱ्याने वही दाखवली. “अक्षर तुमचं दिसतं. सही तुमची आहे.”

“सही माझी. आकडे बघा साहेब. साडेपाच. पाच पासष्ट. पाच ऐंशी. मन्ही बठ्ठी वही चाळा, पहिल्या पानापासून, ओळीने तीन आकडे पाचावर नि शून्यावर संपलेले कुठे दिसले तर मला फासावर द्या. नदी पाचा-दहावर थांबत नाही. माणूस थांबतो.”

अधिकारी हसला. त्याला ते वाक्य फार आवडलं, पुढे जेवताना त्याने ते आम्हाला दोनदा ऐकवलं. वही मात्र चाळली नाही. त्याने मला विचारलं, “चौधरी, वही कुणाच्या ताब्यात असते?”

“बैसाण्यांच्या,” मी म्हणालो.

ते खरंच होतं. मी आयुष्यात इतकं अचूक खोटं पुन्हा बोललो नाही.

बैसाण्यांनी कॅमेऱ्यातलं कार्ड काढून माझ्याकडे दिलं होतं. त्यात त्या तीन तासांतले एकतीस फोटो होते: पाणी, आभाळ, अर्धा खांब, पुन्हा पाणी. माणूस न दिसता धडपडत होता हे त्यातून कुणालाही कळलं असतं. ‘चौकशीच्या साहेबांना द्या’ असं ते म्हणाले होते. मी ते ड्रॉवरमध्ये ठेवलं. साठ्याच्या वहीतली ‘उन्हात दिसत नाही’ ही ओळही माझ्याकडेच होती. कुणी मागितली नाही, मी दाखवली नाही. चौकशीत कुणी त्यांची जात काढली नाही. तशी गरजच पडली नाही. ‘अशा लोकांना’ एवढ्या दोन शब्दांवर भागलं, आणि ते शब्द उच्चारले गेले तेव्हा मी मान हलवली.

त्यांची पगारवाढ रोखली आणि बदली धुळ्याला भांडारात केली. तिथे गंजके पाइप आणि जुन्या मोटारी होत्या. राखण करायची, बाकी काही नाही. ज्याने बत्तीस वर्षं नदी वाचली त्याला शेवटची दोन वर्षं वाचायला काहीच ठेवलं नाही. जाताना निरोपाचा चहा झाला. बैसाण्यांनी खिडकीतला आपला कप उचलला, पिशवीत टाकला आणि चहा न घेता गेले. मी दिवाळीत सहलीला गेलो. कॅमेरा नेला. फोटो चांगले आले.

यंदा मार्चमध्ये मी धुळ्याला गेलो. वय झालं, पत्नी गेली, रिकाम्या घरात माणसाला ड्रॉवर उघडायची सवय लागते. कार्ड बरोबर घेतलं. जाण्याआधी जळगावात एक कॅमेराही विकत घेतला, लहानसा, खिडकीचा. आता लोक असले कॅमेरे घेत नाहीत. दुकानदाराने आतून शोधून धूळ झटकून दिला. हा देऊन काय भरपाई होणार होती ते मला माहीत नाही. रिकाम्या हाताने जायची हिंमत नव्हती, इतकंच.

देवपूरच्या पुढे नव्या वस्तीत त्यांचं दोन खोल्यांचं घर. ओट्यावर बसले होते. उजवा डोळा अजून बारीक. मला बघून उठले नाहीत.

“चौधरी साहेब. साडेअकरा वाजता येतो म्हणून निरोप होता. बारा वाजून चार झाले.”

“बस उशिरा निघाली.”

“चहा पिता का आमच्याकडे?” त्यांनी विचारलं. हे असं विचारलं की नाही म्हणताच येत नाही. सुनेने चहा आणला. दाराच्या आत भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, शेजारी खिळ्याला एक वही अडकवलेली. घराच्या टाकीतलं पाणी रोज सकाळी किती बोटं असतं, ते ते त्यात लिहितात, असं सून हसत म्हणाली. ते हसले नाहीत.

मी सगळं सांगितलं. वही मागवली, खरडलं, लिहिलं, कार्ड ठेवून घेतलं. त्यांनी एकदाही मधे अडवलं नाही. संपल्यावर म्हणाले, “हे माले तवाच माहीत व्हतं. नवं काय सांगाले उनात इतक्या लांबून?”

मी कार्ड पुढे केलं. त्यांनी ते बोटांत धरून उलटसुलट पाहिलं आणि ओट्यावर ठेवलं. मग मी कॅमेरा काढला. तो मात्र त्यांनी घेतला. खिडकी डोळ्याला लावली, कपाळ टेकवलं, कोपरं बरगड्यांना. लांब, बऱ्याच लांब पाण्याची उंच टाकी होती, तिच्यावर रंगवलेला काही क्रमांक. त्यांनी तो मोठ्याने वाचला. हात जराही हलत नव्हता. क्षणभर मला वाटलं, आता काही बोलतील.

“बरा शे,” ते म्हणाले आणि कॅमेरा माझ्या मांडीवर ठेवला. “घी जा. आठे काय वाचू मी?”

“नाना, मी चुकलो.”

“नाना नका म्हणू. कार्यालयात कधी म्हटलं नाही.” मग ते आत गेले आणि एक कोरा कागद आणि पेन घेऊन आले. दोन्ही माझ्यासमोर खुर्चीवर ठेवले. “लिखी द्या.”

“काय?”

“आत्ता बोलले ते. सही करा. तारीख टाका.”

मी कागदाकडे पाहिलं. मला माझं निवृत्तिवेतन आठवलं, जावई आठवले, जळगावच्या आमच्या समाजाच्या मंडळातलं माझं पद आठवलं. मी म्हणालो, “घरी गेल्यावर नीट मसुदा करून पाठवतो. असं घाईत लिहिणं बरं नाही.”

“सात-आठच ओळी शेत, कितला वेळ लागस?”

“पाठवतो. नक्की.”

त्यांनी माझ्याकडे त्या बारीक डोळ्याने पाहिलं. दुरून, पट्टीकडे बघतात तसं. “जा आते,” ते म्हणाले.

मसुद्याला मला सात महिने लागले. तो हा. त्या दिवशीचे दोन, तीन आणि चार वाजताचे आकडे माझे आहेत. भीमराव बैसाण्यांचा त्यांच्याशी काही संबंध नाही. त्यांनी तिथे काही लिहिलं नव्हतं, आणि तेच बरोबर होतं. कॅमेरा चुकीचा आहे हे त्यांनी मला दुकानात सांगितलं होतं, मी तो जाणूनबुजून घेतला. याची एक सही केलेली प्रत त्यांना जाईल, एक कार्यालयाला. त्यांना ती वाचून समाधान होईल असं मी धरत नाही. ते त्यात चुका काढतील.

त्या दिवशी मी त्यांच्या घरून निघालो, गल्ली संपून मोठा रस्ता लागतो तिथे रिक्षेसाठी थांबलो. ऊन रणरणत होतं. कॅमेरा गळ्यातच होता. का कोण जाणे, मी वळलो, खिडकी डोळ्याला लावली, कपाळ टेकवलं आणि ओटा जवळ, आणखी जवळ ओढला. बैसाणे तिथेच होते. खुर्चीवर मी सोडलेला कागद होता, कोराच. बराच वेळ ते त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पेन उचललं, कागद मांडीवर घेतला आणि कडेला काहीतरी लिहिलं. फार नाही, दोन-तीन शब्द. खाली सही केल्यासारखा हात फिरला. त्यांनी कागदाची घडी केली, खिशात घातली आणि आत गेले.

काय लिहिलं ते मला वाचता आलं नाही. अंदाज मी करणार नाही.